मला बसवून मोजलं

मला 'फिट' लिहून देणाऱ्या डॉक्टरांनी खुर्चीवरून उठवलंसुद्धा नव्हतं. कंपनीच्या दवाखान्यात, म्हणजे ओएचसीत गेलो, समोर बसलो. बोटाला ऑक्सिजन मोजायचं ते चिमट्यासारखं यंत्र लावलं, ९७ आलं. बीपी घेतलं. शर्टाची दोन बटणं काढायला लावून छातीवरचा व्रण बघितला आणि म्हणाले, "व्वा, छान भरलंय." डिस्चार्ज कार्डावर 'शस्त्रक्रिया यशस्वी' हे शब्द होतेच. शिक्का, सही, 'हलक्या कामास पात्र'. सगळं मिळून पाच मिनिटंही लागली नसतील. बाहेर पोरगा गाडी बंद न करता उभा होता, तो म्हणाला, "झालं पण, बाबा?"

झालं होतं. त्या पाच मिनिटांनी माझं पुढचं वर्ष खाल्लं.

कोणाचं नाव लिहिणार नाही. कंपनीचं नाही, डॉक्टरांचं नाही, एचआरच्या साहेबांचं तर नाहीच नाही. वाळूजमध्ये ज्याला कळायचं त्याला नाव न लिहिताही कळतं. हे लिहितोय ते ज्यांचं हेच ऑपरेशन झालंय किंवा व्हायचंय त्यांच्यासाठी. आणि थोडं माझ्यासाठीही, खोटं कशाला बोलू.

आजाराची कथा लांबवत नाही. २०२२च्या सुरुवातीला नगर रोडवर गाडी घसरली, पाय मोडला, सहा आठवडे प्लास्टर. पायात गुठळी झाली ती फुप्फुसात गेली. दवाखाना झाला, रक्त पातळ करायच्या गोळ्या झाल्या, सहा महिन्यांनी त्या बंद केल्या. पण दम काही जाईना. बजाजनगरच्या माझ्या घरापासून चौकापर्यंत जाताना मी दोनदा थांबायचो, मोबाईल बघतोय असं दाखवायचो. शहरातल्या एका डॉक्टरांनी दमा ठरवला आणि पंप दिला. वर्षभर तो पंप ओढला. त्या वर्षात एक्स-रे झाला, ईसीजी झाला, बोटाचं यंत्र तर दर खेपेला. सगळं जागच्या जागी, न चालवता. शेवटी दुसऱ्या एका डॉक्टरांनी इको करून हृदयाच्या उजव्या कप्प्याकडे बघितलं, मग फुप्फुसाचा व्हीक्यू स्कॅन झाला, मग नाव कळलं: क्रॉनिक थ्रोम्बोएम्बोलिक पल्मनरी हायपरटेन्शन. डॉक्टर मंडळी त्याला नुसतं 'सीटेफ' म्हणतात.

म्हणजे काय, तर गुठळी विरघळली नाही. तिचा चिवट थर झाला आणि फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांना आतून चिकटला. रक्त पुढं ढकलताना हृदयाचा उजवा कप्पा दमायला लागला. फुप्फुसात गुठळी होऊन वाचलेल्या शंभर जणांत साधारण तिघांना हे होतं, म्हणजे फार दुर्मीळ म्हणून सोडून द्यावं असं नाही. शिवाय या आजाराच्या साधारण चौथ्या हिश्शाच्या रुग्णांना आपल्याला कधी गुठळी झाली होती हेच माहीत नसतं. युरोपातल्या मोठ्या नोंदणीत पहिल्या त्रासापासून निदानापर्यंत मध्यम काळ चौदा महिन्यांचा निघाला होता. माझे त्याहून जास्तच गेले. तेव्हा तुम्हाला किंवा घरात कोणाला फुप्फुसात गुठळी झाली असेल, तीन महिने गोळ्या नीट घेतल्या असतील आणि तरी चालताना दम लागत असेल, तर डॉक्टरांना तोंडावर विचारा, "इको आणि व्हीक्यू स्कॅन कधी करायचा?" साधा सीटी नॉर्मल आला म्हणून गप्प बसू नका. मी बसलो होतो.

ऑपरेशन बंगळुरूला झालं, जानेवारी २०२४च्या दुसऱ्या आठवड्यात. छातीचं हाड मधून उघडतात. शरीर १८ ते २० अंशांपर्यंत गार करतात. मग रक्ताभिसरण चक्क थांबवतात, एका वेळी साधारण वीस मिनिटं, आणि तेवढ्यात सर्जन तो थर आतून सोलून काढतात. ही पद्धत अमेरिकेत सॅन दिएगोच्या मंडळींनी बसवली, आता आपल्याकडेही मोजक्या ठिकाणी होते. माझ्यातून काढलेल्या मालाचा फोटो सर्जननी बायकोला दाखवला. निळ्या कापडावर मांडलेलं, पांढरट पिवळं, फाटे फुटलेलं. ती म्हणाली, "उपटलेल्या तुरीच्या मुळीसारखं दिसत होतं हो." ऑपरेशनआधी फुप्फुसाच्या धमनीतला सरासरी दाब ४९ होता, नंतर २४ झाला. माझी त्या सर्जनबद्दल काडीची तक्रार नाही. जीव त्यांनी दिला.

तक्रार आहे ती डिस्चार्ज कार्डावरच्या दोन शब्दांची: 'नियमित चालावे'.

किती? कुठं? सपाटीला की चढाला? दम लागला तर थांबायचं की रेटायचं? मी मेंटेनन्सचा माणूस आहे, बावीस वर्षं झाली. माझ्याकडं एखादा कंप्रेसर दुरुस्त होऊन आला तर मी त्याच्यावर 'नियमित चालवावा' अशी चिठ्ठी लावून शॉपवर सोडत नाही. किती लोडवर, किती वेळ, किती तापला की बंद, हे लिहून देतो. माणसाला दोन शब्द!

आणि घरी आल्यावर भेटायला येणारे लोक. प्रत्येकाच्या ओळखीत एक बायपासवाला असतोच. "आमच्या साडूंचं झालं, दीड महिन्यात शेतात." "आमचे सर दोन महिन्यांत बॅडमिंटन खेळायला लागले." सांगून दमलो की हे बायपास नाही. बायपासमध्ये हृदयाला रक्त पोचवणारी वाट नवी करतात. इथं हृदय रक्त ज्या फुप्फुसात टाकतं, त्या फुप्फुसाची वाट साफ केली. छातीवरचा व्रण सारखाच दिसतो, त्यामुळे लोकांचा समज होतो. माझाही झाला होता. मीही मनात धरून बसलो होतो की दाब उतरला म्हणजे दम गेला.

दहा आठवड्यांनी कामावर गेलो. पगार २१,००० च्या वर म्हणून मी ईएसआयच्या बाहेर, रजा संपलेल्या, बिनपगारी किती दिवस बसणार? (ईएसआयमध्ये असाल तर आजारपणाचा भत्ता सोडू नका. वर्षात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के मिळतो. माझ्या हाताखालच्या पोरांना हे माहीतच नसतं.) हलकं काम म्हणून मला स्पेअरच्या स्टोअरला बसवलं. रजिस्टर लिहायचं, पार्ट द्यायचे. ऐकायला हलकं. पण स्टोअर वरच्या माळ्यावर, पत्र्याच्या लगेच खाली, आणि जायला लोखंडी जिना. बावीस पायऱ्या. वीस वर्षं मी त्या कधी मोजल्या नव्हत्या, आता पाठ आहेत. दिवसाला सहा-सात फेऱ्या व्हायच्या, कारण बेअरिंग मागणारा खालून ओरडतो आणि वर चढायला कोणालाच वेळ नसतो.

एप्रिलच्या मध्यावर, दुपारी अडीचच्या सुमारास, दोन व्ही-बेल्ट आणि एका सीलचा खोका घेऊन वर चढत होतो. वजन असेल तीनेक किलो. चौदाव्या पायरीला कानात शिटी वाजली. पंधराव्याला डोळ्यांपुढं काळं झालं, कडेकडेनं आत आलं, जुन्या टीव्हीचा पडदा बंद होताना यायचं तसं. मी खोका सोडला नाही, रेलिंगला छाती लावून उभा राहिलो. तो व्रण रेलिंगवर दाबला गेला, ते दुखणं मला नीट आठवतंय, कारण त्या क्षणी तेवढंच एक जाणवत होतं. एक ट्रेनी पोरगा मागून आला, काही न बोलता खोका हातातून घेतला आणि मला पायरीवर बसवलं. खालून शिफ्ट इन्चार्ज म्हणाले, "काय काका, दुपारची झोप का?" लोक हसले. इन्चार्ज तसं म्हणाले असते का, मला चक्कर आली हे त्यांना कळलं असतं तर? नसते बहुतेक. पण ते बघायला चार पावलं पुढं आले नाहीत, ही माझ्या मनात राहिलेली गोष्ट.

ओएचसीत नेलं. पंधरा मिनिटं पडून होतो, मग यंत्र लावलं. ९६. "ऑक्सिजन तर उत्तम आहे. पाणी कमी पिता का?"

दुसऱ्या दिवशी एचआरनं बोलावलं. वयानं माझ्या भाच्याएवढे असतील. बोलणं गोड, त्यामुळं जास्त लागतं. मी म्हणालो, "सर, जिन्याचं काम नको, खाली कुठंही द्या." त्यांनी माझी फाइल उघडली आणि बोट ठेवून दाखवलं.

"काका, इथं लिहिलंय शस्त्रक्रिया यशस्वी. आमच्या डॉक्टरांनीही फिट दिलंय. तुम्ही सांगताय तसं कागदावर कुठंच काही नाही."

"सर, जिना चढताना..."

"माझ्या मामांचं बायपास झालंय. पासष्ट वय. ट्रॅक्टर चालवतात." मग फाइल बंद करून, आवाज खाली आणून म्हणाले, "शरीर बरं झालंय हो काका. आता मनानं पण बरं व्हावं लागतं."

यातलं मामांचं मी सोडून दिलं. मनाचं नाही. बावीस वर्षांत माझ्या नावावर एक मेमो नाही, दिवाळीच्या शटडाउनला मी घरी लक्ष्मीपूजन कधी पाहिलं नाही, आणि हा माणूस मला गोड शब्दांत कामचुकार म्हणत होता. मी काही बोललो नाही. 'ठीक आहे सर' म्हणालो. ही माझी चूक नंबर एक. तिथल्या तिथं लेखी अर्ज द्यायला हवा होता, पोच घेऊन.

चूक नंबर दोन सांगायची लाज वाटते, पण सांगतो. चार-पाच दिवसांनी हनुमान जयंती होती. आमच्याकडं आदल्या रात्री खुलताबादच्या भद्रा मारुतीला पायी जायची पद्धत आहे, शहरातून आणि आजूबाजूच्या गावांतून रात्रभर लोकांची रांग लागलेली असते. आमच्या लाइनीतली पोरं निघाली होती. मी बूट घातले. बायको दारात आडवी उभी राहिली. "अहो, कोणाला दाखवायला चाललात?" तिनं नेमकं ओळखलं होतं, म्हणूनच मी चिडलो आणि निघालो.

शरणापूर गाठेपर्यंत मी अनेकदा बसलो, पण गर्दीत, गाण्यांत, खिचडीच्या स्टॉलवर कोणाचं लक्ष नव्हतं. दौलताबादच्या पुढं घाट लागला तिथं संपलं. पाय उचलेना. छातीत धडधड नाही, दुखणं नाही, नुसतं हवा आत जाते आणि कुठं पोचत नाही असं वाटायचं. रस्त्याकडेच्या कठड्यावर बसलो. पुढून 'बोला बजरंगबली की' ऐकू येत होतं. पोरांनी पाणी वाटणाऱ्यांच्या छोट्या टेम्पोत घालून मला परत आणलं. पहाटे घोटे सुजलेले. ऑपरेशनला चौदा आठवडे झाले होते, छातीचं हाड आताशा कुठं जुळत आलेलं. दुसऱ्याचा राग स्वतःच्या शरीरावर काढायचा नसतो हे मला पन्नाशीच्या तोंडावर कळलं.

मेमध्ये बंगळुरूला फेरतपासणी होती. तिथं इको झाला, दाबाचा अंदाज ठीक निघाला. मी म्हणालो, "डॉक्टर, मग माझं डोकंच फिरलंय का?" त्यांनी मला सहा मिनिटं चालायची चाचणी करायला पाठवलं.

ही चाचणी प्रत्येकानं समजून घ्यावी, म्हणून नीट सांगतो. तीस मीटरचा सरळ, सपाट कॉरिडॉर. दोन टोकांना रस्त्यावर असतात तसे दोन छोटे शंकू. त्यांना वळसा घालत सहा मिनिटांत जेवढं चालता येईल तेवढं चालायचं. पळायचं नाही. दम लागला तर थांबा, भिंतीला टेका, पण घड्याळ थांबत नाही. बोटाला यंत्र लावलेलंच असतं. चालवणारी तंत्रज्ञ मुलगी वहीएवढा पॅड घेऊन उभी होती. ती दर मिनिटाला ठरलेलं एकच वाक्य म्हणायची आणि परत गप्प. नंतर कळलं की तसाच नियम आहे. जास्त शाबासकी दिली की माणूस जास्त चालतो आणि चाचणी बिघडते. सुरू करण्याआधी तिनं विचारलं, शून्य ते दहात आत्ता दम किती? मी म्हणालो, शून्य. बोटावर ९६.

पहिली दोन मिनिटं मी तिला दाखवत होतो. तिसऱ्या मिनिटाला दाखवणं बंद झालं. चौथ्यात मी वळताना त्या यंत्राकडं बघितलं. ८५. मला वाटलं उलटं दिसतंय. पुढच्या वळणाला ८४. मी थांबून म्हणालो, हे बिघडलंय, दुसरं लावा. तिनं वाद घातला नाही, खिशातून दुसरं काढून दुसऱ्या बोटाला लावलं. ८४. ती फक्त पॅडवर लिहीत होती. सहा मिनिटं संपली, खुर्चीत बसवलं. मी त्या आकड्यावरून डोळे काढले नाहीत. ८६. ८९. ९२. दोन मिनिटांच्या आत ९६.

हाच तो ९६. ओएचसीतला, दम्याच्या डॉक्टरांकडचा, सगळीकडचा. खोटा नव्हता तो. पण माझा नव्हता. खुर्चीतल्या माणसाचा होता.

मला त्या कॉरिडॉरमध्ये आमचा कंप्रेसर आठवला. शॉपवर एअर कमी येते अशी तक्रार आली की नवीन पोरगा रिसीव्हरच्या टाकीवरचं गेज बघून येतो आणि सांगतो, "सर, सात बार आहे, सगळं ओके." मी त्याला ओरडतो, अरे, सगळ्या एअर गन बंद असताना गेज काय बघतोस? दहा गन एकदम चालू कर आणि मग लाइनच्या शेवटच्या टोकाला बघ. बावीस वर्षं मी हे दुसऱ्यांना शिकवलं आणि दीड वर्ष स्वतः खुर्चीत बसून बोट पुढं करत राहिलो.

डॉक्टरांनी मग समजावलं. मोठ्या वाहिन्यांतला थर निघाला, पण दोन वर्षं बारीक वाहिन्यांवर जो ताण पडला त्या सगळ्याच लगेच मोकळ्या होत नाहीत. माझा २४ हा आकडा ४९ च्या मानानं झकास. पण पूर्वी २५च्या आत ते ठीक धरत, आता, २०२२च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांपासून, रेषा २० वर आणलीय. म्हणजे थोडं शिल्लक होतं. दुसरं, उजवा कप्पा बसल्या जागी सावरला तरी मेहनतीच्या वेळी त्याला लागेल तेवढं रक्त लगेच पुढं टाकता येत नाही. तिसरं, पाय. दोन वर्षं मी चाललोच नव्हतो. मांड्यांच्या स्नायूंना कामाची सवय राहिली नव्हती. ऑपरेशननंतर सहा मिनिटांचं अंतर बहुतेकांचं चांगलं वाढतं, पण पुष्कळ जणांची मेहनतीची ताकद निरोगी माणसाएवढी परत येत नाही, हे त्यांनी स्वच्छ सांगितलं. हे डिस्चार्जच्या दिवशी का नाही सांगितलं, असं मी विचारलं. ते म्हणाले, "सांगितलं असेल." असेल!

माझं अंतर निघालं ३४८ मीटर. ऑपरेशनआधी २८५ होतं. म्हणजे सुधारणा होती, फक्त 'ट्रॅक्टरवाल्या मामां'ची नव्हती.

खरा फायदा झाला तो तिथल्या फिजिओथेरपिस्ट ताईंचा. त्यांनी सांगितलं की पूर्वी फुप्फुसाच्या दाबाच्या रुग्णांना व्यायाम नकोच म्हणायचे. मग जर्मनीत हायडेलबर्गला २००६ साली तीस रुग्णांवर अभ्यास झाला. त्यांत काही आमच्यासारखे गुठळीवालेही होते. तीन आठवडे दवाखान्यात देखरेखीखाली, पुढं बारा आठवडे घरी, असं पंधरा आठवडे मोजूनमापून व्यायाम केलेल्यांचं सहा मिनिटांचं अंतर सरासरी नव्वदच्या वर मीटरनं वाढलं, न करणाऱ्यांचं नाही. मुद्दा 'मोजूनमापून' हा आहे. माझ्या घाटातल्या पराक्रमाबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, नुसतं माझ्याकडं बघितलं.

त्यांनी मला जे लिहून दिलं ते माझ्यासाठी होतं. तुमचं वेगळं असेल, तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या. पण साधारण कसं असतं ते कळावं म्हणून सांगतो. दोन मिनिटं चालायचं, एक मिनिट अगदी सावकाश, असं दहा मिनिटं, सकाळ-संध्याकाळ, सपाटीवर. दम दहात तीन-चारच्या पुढं न्यायचा नाही; चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येत असेल तर फार सावकाश चाललाय. बोटाचं यंत्र ८८च्या खाली गेलं की थांबायचं, चढेपर्यंत. दर आठवड्याला दोनच मिनिटं वाढवायची. आठवड्यातून तीनदा खुर्चीतून हात न टेकता उठ-बस, आठ वेळा. अर्धा लिटरच्या पाण्याच्या बाटल्या हातात घेऊन हात वर-खाली. जोर लावताना श्वास सोडायचा, कोंडायचा नाही. श्वास कोंडून वजन उचलणं आमच्यासारख्यांना सगळ्यात वाईट. त्या दिवशी ताप असेल, घोटे सुजले असतील, दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोनं वाढलं असेल, चक्कर आली असेल, खोकल्यात रक्त दिसलं असेल, तर चालायचं नाही, फोन करायचा.

अंतर मोजायला मी बजाजनगरातले विजेचे खांब धरले. पहाटे साडेपाचला, फर्स्ट शिफ्टच्या बसगाड्या सुरू व्हायच्या आत, म्हणजे धूर नाही आणि ऊनही नाही. सुरुवातीला आठ खांब. जूनअखेर चौदा. मध्ये पावसात भिजून खोकला झाला तर परत नऊ. वहीत रोज लिहायचो: खांब, दम, बोटावरचा सगळ्यात कमी आकडा. पोरगी म्हणायची, "बाबांचं लॉगबुक." हे लॉगबुक पुढं माझ्या कामाला आलं, त्यामुळे वही ठेवाच. बोटाचं यंत्र हजार-दीड हजारात मिळतं. बोटं गार असतील तर चुकीचं दाखवतं, आधी हात चोळा.

आता सुचेल तसं सांगतो.

कामावर परत जाण्याआधी ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या, आणि तिच्यात 'हलके काम' हे शब्द येऊ देऊ नका. हलकं म्हणजे काय हे प्रत्येक साहेब आपल्या सोयीनं ठरवतो. जिने दिवसात किती वेळा, वजन किती किलो, पत्र्याखालची उष्णता, वेल्डिंगचा धूर, रात्रपाळी, शिडीवरचं काम, एकेक लिहून घ्या. शिडी मुद्दाम म्हणतोय. रक्त पातळ करायची गोळी आता जन्मभर. साधं पडणं आपल्याला साधं नसतं. चालवून केलेल्या चाचणीचा कागद त्या चिठ्ठीला जोडा.

गोळी एक दिवसही चुकवू नका. ज्या गोळीला आयएनआर तपासावा लागतो ती असेल तर तपासणीची तारीख कॅलेंडरवर लिहा. मेथी-पालक बंद करायची गरज नाही, पण एका आठवड्यात रोज आणि पुढच्यात अजिबात नाही, असं करू नका. अंगदुखीची गोळी मेडिकलवाल्याला विचारून घेऊ नका. दात काढायचा असेल तर आधी हृदयाच्या डॉक्टरांना सांगा.

पहिले तीन महिने वीस लिटरचा पाण्याचा जार, गॅसची टाकी, टू-व्हीलर, काहीही नाही. खोकताना छातीशी उशी धरा. नगर रोडचे गतिरोधक टू-व्हीलरच्या मागच्या सीटवरसुद्धा छातीत जाणवतात, रिक्षानं जा, आणि रिक्षावाल्याला सांगा.

सहा महिन्यांनंतरही चालताना ऑक्सिजन पडत असेल, घोटे सुजत असतील, तर 'आता एवढंच' म्हणून सोडू नका. उरलेल्या दाबासाठी औषध आहे, बारीक वाहिन्या फुग्यानं उघडायची पद्धतही आहे. ते तुम्हाला लागतं का हे विशेष केंद्रातच ठरतं, गल्लीतल्या दवाखान्यात नाही.

झोप पुरेशी घ्या, तंबाखू सोडा, घरच्यांशी बोला. हे सगळे सांगतात, मीही सांगतो. नातेवाइकांना समजावायच्या भानगडीत पडू नका. वाया जातं. ज्यानं खोका हातातून घेतला, अशा एका-दोघांना समजावलं तरी पुरे. तो ट्रेनी पोरगा आता परमनंट झालाय, मला अजून 'काका, मी आणतो' म्हणतो.

जुलै २०२४ च्या आषाढीला मी घरून आमच्या छोट्या पंढरपूरला चालत गेलो. फार अंतर नाही. शहरातून दिंड्या येतात त्या रस्त्याकडेला दोनदा बसलो, यावेळी मोबाईल न काढता, उघड बसलो. नोव्हेंबरमध्ये चाचणीत ४१५ आले. स्टोअर जुलैपासून खाली आलंय. माझ्यासाठी नाही, पत्रा गळायला लागला म्हणून. एचआरचे ते साहेब बदलून पुण्याला गेले. जाताना भेटले, "काका, एकदम फ्रेश दिसताय," म्हणाले. त्यांना अजूनही दिसण्यावरूनच कळतं.

त्यानंतरच्या जुलैतल्या चाचणीत ४५२ मीटर, सगळ्यात कमी ऑक्सिजन ९०. वार्षिक तपासणीला ओएचसीत गेलो तेव्हा नवीन डॉक्टर होत्या. त्यांनी बोटाला यंत्र लावलं, मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, "मॅडम, आधी हा कॉरिडॉर चार वेळा चालतो, मग लिहा." त्यांनी चालू दिलं. आकडा लिहिला ९१. कागदाची झेरॉक्स मी फाइलला लावायला एचआरला दिली आणि पोच घेतली.